हरलेल्याने जायचे कुठे? ड्वार्फ हॅमस्टरच्या सहवासाचा आढावा

पाळीव प्राण्यांच्या दुकानात हॅमस्टर घ्यायला गेले की एक सल्ला हमखास कानावर पडतो : “एकटा कंटाळेल हो, जोडीच न्या.” हा सल्ला आपल्याला पटकन पटतो, कारण तो आपल्याच घरातून आल्यासारखा वाटतो. एकट्याला करमत नाही, जेवताना सोबत हवी, आजारपणात उशाशी कोणी हवे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मूलही हट्ट धरते. मग एका पिंजऱ्यात दोन मुठीएवढे जीव घरी येतात. पहिले काही आठवडे ते एकमेकांना बिलगून झोपतात, त्यांचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतात. आणि एखाद्या सकाळी भुशावर रक्ताचे डाग दिसतात. एकाची पाठ शेपटीजवळ फाटलेली असते, दुसरा घरट्यात शांत झोपलेला असतो. रात्री घर झोपलेले असताना काय झाले, ते कोणी पाहिलेले नसते.

पूर्ण वाढ झालेले दोन ड्वार्फ हॅमस्टर एका पिंजऱ्यात सुखाने राहू शकतात का, या प्रश्नावर पाळणाऱ्यांमध्ये सरळ दोन तट आहेत. “आमच्या दोघी बहिणी मरेपर्यंत एकत्र राहिल्या,” असे सांगणारे आहेत आणि “आमच्याकडे एकाने दुसऱ्याला मारून टाकले,” असे सांगणारेही. दोघेही खरेच बोलत असतात. म्हणून आपापल्या घरचा अनुभव क्षणभर बाजूला ठेवून या प्राण्यांविषयी प्रयोगशाळेत आणि माळरानावर काय दिसले आहे, ते एकत्र मांडून पाहायला हवे.

एका नावाखाली चार प्राणी

पहिली गफलत नावातच आहे. ‘ड्वार्फ’ म्हणून विकले जाणारे हॅमस्टर एका जातीचे नसतात. फोडोपस या प्रजातीत तीन जाती येतात. विंटर व्हाइट किंवा सैबेरियन हॅमस्टर पूर्व कझाकस्तान आणि नैर्ऋत्य सैबेरियाच्या गवताळ माळांवरचा. पीटर सायमन पालास या निसर्गशास्त्रज्ञाने १७७३ मध्ये त्याचे वर्णन केले. थंडीत त्याची फर पांढरी होते, म्हणून हे नाव. कॅम्पबेलचा हॅमस्टर मंगोलिया, उत्तर चीन आणि रशियातल्या तुवा भागातला. त्याचे वर्णन ओल्डफील्ड थॉमस यांनी १९०५ मध्ये केले. तिसरा रोबोरोव्स्की, गोबीच्या वाळवंटी पट्ट्यातला. तो सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत चपळ, वजन जेमतेम २० ते २५ ग्रॅम.

चौथा चायनीज हॅमस्टर. आकाराने लहान म्हणून दुकानदार त्यालाही ड्वार्फच म्हणतात, पण तो या प्रजातीतला नव्हे. त्याची शेपटी थोडी लांब आणि उघडी दिसते, अंग सडपातळ असते. त्याच्या बाबतीत तरी उत्तर स्पष्ट आहे : प्रौढ चायनीज हॅमस्टरला सोबत सहन होत नाही, आणि मादी नरालाही अंगावर घेते.

या भांडखोरपणाने हॅमस्टरच्या इतिहासालाच वळण दिले आहे. १९२० च्या दशकात काळा आजाराच्या संशोधनासाठी चायनीज हॅमस्टर वापरले जात. हा रोग आपल्याकडे बिहार-बंगालात कित्येक पिढ्यांनी भोगला आहे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले परजीवीशास्त्रज्ञ शॉल अ‍ॅडलर यांना हे प्राणी हवे होते, पण बंदिवासात त्यांची वीण होईना. त्यांना दुसरा एखादा हॅमस्टर हवा होता, आणि त्यातूनच १९३० मध्ये इस्राएल अहारोनी सिरियातल्या अलेप्पोजवळ पोहोचले. तिथे शेतातले बीळ खणून त्यांनी एक सोनेरी हॅमस्टर मादी आणि तिची पिल्ले मिळवली. पकडल्यावर त्या आईने स्वतःचे एक पिल्लू ठार केले. आज जगभर पाळले जाणारे जवळजवळ सगळे सोनेरी म्हणजे सिरियन हॅमस्टर त्याच वेतातून आले आहेत. या मोठ्या जातीबद्दलही वाद उरलेला नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत रोल्फ गॅटरमान आणि सहकाऱ्यांनी सिरियन हॅमस्टरची ३० बिळे तपासली. एकाही बिळात एकाहून अधिक प्रौढ सापडला नाही.

म्हणजे सिरियन आणि चायनीज यांना एकेकटेच ठेवायचे. खरा प्रश्न फोडोपस प्रजातीतल्या तिघांचा आहे.

माळरानावरचे संसार

कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाच्या कॅथरीन विन-एडवर्ड्स यांनी कॅम्पबेल आणि विंटर व्हाइट या दोन जातींच्या कौटुंबिक वागण्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. दोन्ही जाती इतक्या सारख्या दिसतात की बराच काळ त्या एकच मानल्या जात. जुन्या लेखनात ‘जुंगेरियन’ हे एकच नाव कधी एका जातीला, तर कधी दुसरीला लावलेले दिसते. एका जातीवरचे निष्कर्ष दुसरीच्या माथी मारले जाण्याचे हे एक मोठे कारण आहे.

दिसायला सारख्या असल्या तरी घरात दोघी वेगळ्या. कॅम्पबेलचा नर बापपण मनापासून निभावतो. २००० मध्ये जोन्स आणि विन-एडवर्ड्स यांनी प्रसूतीच्या वेळच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत नर चक्क सुईणीचे काम करताना दिसला : पिल्लू बाहेर यायला मदत करणे, त्याच्या अंगावरचे आवरण चाटून काढणे, नाकपुड्या मोकळ्या करणे. बाप जवळ असेल तर या जातीची पिल्ले अधिक जगतात, हे त्याआधीच दिसले होते. थंड, कोरड्या प्रदेशात आई चारा शोधायला गेली की पिल्लांना ऊब देणारे दुसरे अंग लागते. विंटर व्हाइटच्या पिल्लांना मात्र बाप असण्या-नसण्याने तेवढा फरक पडत नाही.

‘कॅम्पबेल आणि रोबोरोव्स्की मिळूनमिसळून राहणारे, विंटर व्हाइट जरा एकलकोंडे’ असे पाळणारे म्हणतात. या अभ्यासातून निदान कॅम्पबेल आणि विंटर व्हाइट यांच्यातल्या फरकाला आधार मिळतो. पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. माळरानावरचे हे सहजीवन एका नराचे आणि एका मादीचे, पिल्ले वाढवण्यापुरते आहे. दोन अनोळखी प्रौढ माद्यांनी किंवा दोन नरांनी एका घरट्यात राहावे, असे त्यातून सिद्ध होत नाही. आणि आपण घरात बहुतेकदा नेमकी तीच मांडणी करतो, कारण नर-मादी एकत्र ठेवले तर पिल्लांचा पूर येतो. गर्भधारणा जेमतेम १८ ते २० दिवसांची असते आणि मादी व्यायल्याबरोबर पुन्हा गाभण राहू शकते. दर तीन आठवड्यांनी वेत देणारी मादी लवकर झिजते, आणि पिल्लांना घरे कुठून शोधायची हा प्रश्न वेगळाच. त्यातच दुकानात कॅम्पबेल आणि विंटर व्हाइट यांचा संकर सर्रास असतो. या संकरात एका बाजूच्या जोडीत पिल्ले पोटातच वाजवीपेक्षा मोठी होतात आणि बाळंतपण मादीच्या जिवावर बेतते. त्यामुळे सोबत म्हणून नर-मादी एकत्र ठेवण्याचा पर्याय इथेच संपतो.

सोबतीच्या बाजूने

सोबतीच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे भावनेपलीकडचे पुरावेही आहेत, आणि ते दडपून चालणार नाही. १९८४ मध्ये जॅकलिन क्रॉली यांनी जोडीपासून तोडलेल्या नर हॅमस्टरांचे निरीक्षण केले. त्यांचे वजन वाढले आणि आजूबाजूचा शोध घेण्याचे, दुसऱ्याशी मिसळण्याचे वागणे मंदावले. २००४ मध्ये कोर्टनी डिव्हरीज यांच्या गटाने सैबेरियन हॅमस्टरवर आणखी बोलका प्रयोग केला. ताणाखाली ठेवलेल्या एकट्या हॅमस्टरांच्या जखमा उशिरा भरल्या. जोडीने राहणाऱ्यांच्या जखमांवर त्या ताणाचा तसा परिणाम झाला नाही. एकट्यांना ऑक्सिटोसिन हे संप्रेरक दिल्यावर त्यांच्याही जखमा लवकर भरू लागल्या.

म्हणजे ज्या दोघांचे जमते, त्यांना एकमेकांचा खरोखर आधार होतो. हे मी मोकळेपणाने मान्य करतो, आणि पुढचे सगळे विवेचन हे मान्य करूनच आहे. पण या निष्कर्षातला ‘ज्यांचे जमते’ हा भाग निसटू देऊ नये. प्रयोगातल्या जोड्या जमलेल्या होत्या. आपल्या पिंजऱ्यातली जोडी जमेलच, याची हमी त्यातून मिळत नाही.

एकटेपणाचे म्हणून जे वागणे आपण ओळखतो, तेही अनेकदा दुसऱ्याच कशाचे असते. रात्रभर पिंजऱ्याच्या सळ्या चावणारा हॅमस्टर पाहिला की “बिचाऱ्याला सोबत हवी” असे वाटते. स्वित्झर्लंडमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोनेरी हॅमस्टरांना १०, ४० आणि ८० सेंटीमीटर खोल भुसा दिला गेला. ८० सेंटीमीटर भुसा मिळालेल्यांनी सळ्या सर्वांत कमी चावल्या. त्यांना खणायला जमीन हवी होती. ड्वार्फ जातीही बिळातच राहणाऱ्या आहेत. एकट्या हॅमस्टरसाठी दुसरा आणण्याआधी भुशाची खोली वाढवून पाहणे, हा कमी जोखमीचा आणि बहुधा जास्त खरा उपाय आहे.

दिवस लहान झाला की

“सहा महिने सुरळीत चाललंय, आता काय होणार?” हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. त्याला सैबेरियन हॅमस्टरवरच्या एका संशोधनाने चांगले उत्तर दिले आहे. २००० मध्ये जॅस्नो, ग्रेग डेमास आणि सहकाऱ्यांनी काही नरांना हिवाळ्यासारखा लहान दिवस दिला. त्यांची वृषणे आकसली, टेस्टोस्टेरॉन घसरले, आणि तरीही, किंबहुना त्याच वेळी, ते परक्या नरावर अधिक तुटून पडू लागले. पुढे माद्यांमध्येही लहान दिवसांत आक्रमकता वाढलेली आढळली. अंधार लांबला की वाढणारे मेलाटोनिन आणि अधिवृक्क ग्रंथींची संप्रेरके यांचा त्यात हात असल्याचे दिसले.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, “नराचे खच्चीकरण केले की भांडण मिटेल” हा समज या जातीला लागू पडतोच असे नाही, कारण इथे टेस्टोस्टेरॉन उतरलेले असतानाच राग चढतो. दोन, स्वभाव ऋतूप्रमाणे फिरतो. मुंबईत डिसेंबरातला दिवस साधारण ११ तासांचा, जूनमधला सव्वातेराचा. सैबेरियाच्या मानाने हा चढउतार किरकोळ आहे, आणि घरातल्या दिव्यांनी तो आणखी धूसर होतो. तरीही उन्हाळ्यात जमलेली जोडी दिवाळीनंतर तशीच राहील, असे धरून चालता येत नाही.

वयाचेही तसेच. तीन आठवड्यांची पिल्ले एकमेकांच्या अंगावर झोपतात, ती ऊब मिळावी म्हणून. दुकानातल्या काचेच्या पेटीत वीस पिल्ले एकत्र दिसतात, ती याच वयाची. ती गोडी पाहून आपण जोडी ठरवतो. पण पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत ती वयात येतात, आणि तिथून पुढे प्रत्येकाला आपली हद्द हवी असते. पोटावरच्या गंधग्रंथीने ती हद्द आखली जाते. आपण पिंजरा साबणाने लख्ख धुतो तेव्हा ती आखणी पुसली जाते, आणि ती नव्याने ठरवताना पुन्हा जुंपते.

बीळ आणि पिंजरा

आता मूळ मुद्द्याकडे. माळरानावरही हॅमस्टर भांडतात. तिथली भांडणे सहसा जीवघेणी का ठरत नाहीत? कारण हरलेला पळतो. समोर मैलोगणती गवत पसरलेले असते. जिंकलेल्याला त्याला मारायचे नसते, त्याला फक्त हद्दीबाहेर घालवायचे असते. पिंजऱ्यात हरलेला पळतो आणि दोन हातांवरच्या भिंतीला थडकतो. जिंकलेल्याच्या दृष्टीने शत्रू अजून आपल्याच हद्दीत उभा असतो. म्हणून तो पुन्हा चावतो, आणि पुन्हा. या हल्ल्यात त्याचा दुष्टपणा नाही. शत्रूला हाकलणे त्याच्या रक्तात आहे, आणि हाकलून जाण्याची वाट आपण बंद केली आहे.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे आपण म्हणतो. इथे म्यान बनवणारे आणि त्यात दोन्ही तलवारी कोंबणारे आपणच असतो. म्हणून ‘यांचे जमेल का?’ याआधी ‘जमले नाही तर हरलेल्याने जायचे कुठे?’ हा प्रश्न विचारायला हवा. जाळीच्या नळ्या, एकाच दाराची घरटी, वर-खाली जोडलेले छोटे मजले, या सगळ्या दुकानातल्या आकर्षक वस्तू एकत्र राहणाऱ्यांसाठी सापळे ठरतात. एकाच दाराच्या घरट्यात अडकलेल्याला बाहेर पडायची वाटच उरत नाही.

रक्त आले नाही म्हणजे इजा झाली नाही, असेही नव्हे. १९९३ मध्ये पोटेगल, किम हुहमन आणि सहकाऱ्यांनी सिरियन नरांमध्ये एक गोष्ट दाखवली. एकदा दुसऱ्याकडून हार खाल्लेला हॅमस्टर नंतर स्वतःच्या पिंजऱ्यातही हद्द राखत नाही. निरुपद्रवी, भांडण न करणारा पाहुणा समोर आला तरी तो दबतो आणि पळतो. ही हार शरीरावर दिसत नाही. ड्वार्फ हॅमस्टरच्या पिंजऱ्यात कोपऱ्यात दबून बसलेला, हळूहळू वाळत चाललेला दुसरा प्राणी पाहिला की मला हा प्रयोग आठवतो. “दोघे भांडत नाहीत” या वाक्यामागे कधीकधी एकाने भांडणेच सोडून दिलेले असते.

बिघाड ओळखायचा कसा

किरकोळ कुरबुर आणि धोक्याचे भांडण यांत फरक करता येतो. क्षणभर चीं-चीं, मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांना ढकलणे, एकाने पाठीवर पडून हार मानणे आणि मग दोघांनी आपापल्या कामाला लागणे, हे ठरवाठरवीचे भाग आहेत. हार मानल्यावरही पाठलाग थांबत नसेल, एक जण चाकावर, खाण्याच्या वाटीवर किंवा पाण्याच्या बाटलीवर पहारा देत असेल, एक घरट्याबाहेर एकटाच झोपू लागला असेल, तर गोष्ट पुढे गेली आहे. शेपटीजवळ, पोटाखाली आणि कानावर जखमा शोधायच्या. फरखाली लपलेल्या दाताच्या छिद्रात पू धरतो आणि तो उशिरा कळतो.

सर्वांत भरवशाचे साधन स्वयंपाकघरातच आहे : ग्रॅम मोजणारा छोटा वजनकाटा. दर आठवड्याला दोघांचे वजन वहीत लिहायचे. ४० ग्रॅमच्या जिवाचे चार ग्रॅम उतरणे म्हणजे ६० किलोच्या माणसाचे सहा किलो उतरणे. डोळ्याला जे दिसत नाही, ते ही वही दाखवते.

मग उत्तर काय?

सगळे पुरावे समोर ठेवल्यावर माझे उत्तर असे आहे. दोन अनोळखी प्रौढ ड्वार्फ हॅमस्टरांना, जात कोणतीही असो, एकत्र आणू नये. दोन वेगळ्या जातींचे तर कधीच नाही. एकट्या राहिलेल्या प्रौढासाठी नवी सोबत आणू नये. जोडीतला एक मेला तर दुसऱ्याला एकटेच राहू द्यावे. रक्त येऊन वेगळे केलेल्या दोघांना पुन्हा जवळ आणू नये. एकदा बिघडलेले हे नाते सांधत नाही.

एकाच वेताची, एकाच लिंगाची, कधीही वेगळी न झालेली कॅम्पबेल किंवा रोबोरोव्स्की भावंडे असतील, तर एकत्र राहणे जमू शकते. विंटर व्हाइटला आणि संकरित पिल्लांना मी एकेकटेच ठेवीन. भावंडे एकत्र ठेवणार असाल तर लिंग पशुवैद्याकडून तपासून घ्यावे, कारण दुकानात ओळखण्याची चूक नेहमी होते. पिंजरा एकमजली आणि ऐसपैस हवा. जर्मन पशुवैद्यांची प्राणिकल्याण संघटना एका हॅमस्टरसाठीच किमान १०० बाय ५० सेंटीमीटर जागा सांगते, दोघांना त्याहून जास्त लागणार. चाके दोन, बाटल्या दोन, लपायच्या जागा दोन आणि प्रत्येकीला दोन दारे. खाणे वाटीत न देता भुशावर विखरावे, म्हणजे पहारा देण्यासारखे काही उरत नाही. सफाई करताना थोडा जुना भुसा मागे ठेवावा, म्हणजे ओळखीचा वास टिकतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे : दुसरा पिंजरा पहिल्या दिवसापासून तयार, भुसा-पाण्यासकट. भांडण रात्री दोन वाजता होते, त्या वेळी बाजार उघडा नसतो.

भारतात पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत. दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. त्या चौकटीत काउंटरवरच्या सल्ल्याचीही जबाबदारी यायला हवी. “एकटा कंटाळेल” असे सांगणारा दुकानदार बहुधा वाईट हेतूने बोलत नसतो. त्यालाही तो सल्ला कोणीतरी दिलेला असतो. शेजारच्या पेटीतल्या गिनीपिगला तो सल्ला तंतोतंत लागू पडतो, कारण गिनीपिग कळपाने राहणारा प्राणी आहे. हॅमस्टर नाही.

मुलाला हे समजावणे अवघड जात नाही, असा माझा अनुभव आहे. “याला स्वतःचे घर हवे असते, आणि त्या घरात तूच त्याचा पाहुणा आहेस,” एवढे सांगितले की मुले समजून घेतात. मग ती संध्याकाळी पिंजऱ्याशी हळूच बसतात, हातावर सूर्यफुलाचे बी धरतात आणि वाट पाहतात. जोडी घेण्याचा आग्रह तरीही कायम असेल, तर पैशांचा हिशोब प्राण्यांपासून सुरू न करता पिंजऱ्यांपासून करावा. दोन पिंजऱ्यांना घरात जागा आणि खिशात पैसे नसतील, तर घरी एकच हॅमस्टर आणावा. त्याला खोल भुसा द्यावा आणि त्याच्या घराचा तो एकटाच मालक असू द्यावा.